मजूर मिळत नाहीत

शासकीय नोकरीत माणसाला काही वाक्ये इतक्या वेळा ऐकावी लागतात की, पुढे पुढे ती त्याला ऐकूच येईनाशी होतात. ‘मजूर मिळत नाहीत’ हे त्यांपैकी एक होय. पुलाचे काम का रखडले, असे विचारले की ठेकेदार हेच सांगतो. कापसाची वेचणी का लांबली, याचा खुलासा कृषी खात्याचे अधिकारी याच शब्दांत करतात. द्राक्षबागाईतदार, वीटभट्टीवाले, खाणावळवाले, एवढेच काय पण घरी भांडी घासावयास बाई नाही म्हणून त्रासलेल्या आमच्या शेजारीणबाईसुद्धा हे वाक्य अगदी एकाच सुरात उच्चारतात. त्या सुरात तक्रारीपेक्षा हताशपणा अधिक असतो. पाऊस पडत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, तसेच मजूर मिळत नाहीत. जणू ही एक नैसर्गिक आपत्ती आहे आणि तिचा पंचनामा करून घेण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. मराठी घेऊन एम. ए. झालो आणि पुढे दप्तरात अडकलो. परंतु व्याकरणाच्या तासाला आमचे गुरुजी एक गोष्ट वारंवार सांगत, ती या बाबतीत मला उपयोगी पडली. ते म्हणत की, वाक्यात जे लिहिलेले असते त्यापेक्षा जे अध्याहृत असते त्याकडे अधिक लक्ष द्यावे. ‘मजूर मिळत नाहीत’ या वाक्यात काय अध्याहृत आहे? ‘या दरात’ हे दोन शब्द. सोने मिळत नाही, अशी तक्रार कोणी करीत नाही. सोने महाग झाले, असे आपण म्हणतो. आंब्याच्या दिवसांत हापूसची पेटी आपल्या ऐपतीबाहेर गेली म्हणजे कोणी देशात हापूसचा तुटवडा पडल्याची आरोळी ठोकत नाही. मजुराच्या श्रमाच्या बाबतीत मात्र ‘महाग झाला’ म्हणण्याऐवजी ‘मिळत नाही’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. याचे कारण उघड आहे. त्या श्रमाची एक किंमत आपण मनाशी कायमची ठरवून ठेवलेली असते, आणि त्या किमतीला तो न मिळणे ही आपल्याला अनीती वाटते.

ही समजूत काही आजची नाही आणि केवळ आपलीही नाही. १३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली आणि लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा तीत नाहीसा झाला. शेते उभी राहिली, कापणारे हात उरले नाहीत. जे उरले त्यांनी साहजिकच अधिक मजुरी मागितली. त्यावर राजाने १३४९ साली आणि पार्लमेंटाने १३५१ साली निर्बंध घातला की, साथीपूर्वी जी मजुरी होती तीच मजुरांनी घ्यावी; अधिक मागणाऱ्यास शिक्षा व्हावी. साथीने माणसे नेली, पण दर तेवढे जुनेच राहिले पाहिजेत! पुढे १३८१ साली तेथे शेतकरी-मजुरांचा जो मोठा उठाव झाला, त्याच्या कारणांत या निर्बंधाचीही गणना होते.

हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे झाले. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या टाळेबंदीमुळे बिहार आणि उत्तर प्रदेशातील मजूर आपापल्या गावी परतले, आणि पंजाबात भाताच्या लावणीला माणसे उरली नाहीत. तेव्हा काही शेतकऱ्यांनी थेट बिहारमध्ये बसगाड्या पाठविल्या. काही ग्रामपंचायतींनी मात्र निराळा मार्ग धरला. गावातील स्थानिक मजुरांनी एकरी अमुक रकमेपेक्षा अधिक लावणी घेऊ नये, असे ठराव त्यांनी केले. बस पाठविणारा आणि ठराव करणारा, दोघांचीही अडचण एकच होती; आणि कित्येकदा ही दोन्ही माणसे एकाच गावची होती. त्या ठरावांच्या बातम्या वाचताना मला १३५१ सालची आठवण झाली खरी. पण पंजाबच्या शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही तितकेच खरे. आपल्या महाराष्ट्रात हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात वर्षानुवर्षे उभा आहे. तो म्हणजे ऊसतोडीचा.

मराठवाड्यातील एका तालुक्यात मी काही वर्षे नेमणुकीवर होतो. त्या भागात वर्षाचे दोन भाग पडतात: माणसे गावात असण्याचे सहा महिने आणि नसण्याचे सहा महिने. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत संसार चढू लागतात. पत्रे, पाण्याची पिंपे, चुलीची लाकडे, दोन शेळ्या, एक कुत्रे, वर मुले आणि त्यांना धरून बसलेली एखादी म्हातारी. बीड जिल्हा तर यासाठी प्रसिद्धच आहे. शेजारच्या अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावेही अशीच रिकामी होतात. ही माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. जेथे पाणी नाही तेथील माणसांनी जेथे पाणी आहे तेथील पीक कापावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. १९५० साली प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या एका दिव्यावर पुढे अनेक दिवे लागले. सहकाराने ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याचा सभासद केले. तो कापणारा मात्र त्या सभासदत्वाच्या बाहेर राहिला.

या व्यवसायाची परिभाषा लक्षात घेण्यासारखी आहे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती ‘उचल’. एखादा दिवस कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड कापला जातो. पहाटे चारच्या सुमारास फडात उतरावयाचे, ऊस बुडाशी तोडावयाचा, पाचट काढावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरावयाच्या. आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावयाच्या. राहावयाचे ते कोपीत. उसाचे वाढे विकून जे चार पैसे येतात, त्यावर आठवड्याचा बाजार होतो. कारण मजुरीचा पैसा हातात येतच नाही. तो आधीच घेतलेल्या उचलीत वळता होत असतो.

आता दर पाहू. २०२४ च्या जानेवारीत कारखान्यांचा संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यात तडजोड होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. हा करार तीन वर्षांसाठी आहे. चांगली जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तरी ७३२ रुपये झाले. हे एका माणसाचे नव्हेत, दोघांचे. आणि आठ तासांचे नव्हेत, बारा-चौदा तासांचे. याउलट उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यासाठी १९६६ चा नियंत्रण आदेश आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे त्यात लिहिले आहे. ऊस पिकविणाऱ्याच्या पाठीशी राज्याचा कायदा उभा आहे, आणि तो असावयासच हवा. तोच ऊस तोडणाऱ्याचा दर मात्र दर तीन वर्षांनी ‘कोयता बंद’ची हाक देऊन, पुढाऱ्यांच्या लवादातून, चहाच्या टेबलावर ठरतो.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. त्यासाठी निर्देशांक आहे, सूत्र आहे, शासननिर्णय आहे. बाजारात डाळ महागली की, थोड्या उशिराने का होईना, माझे वेतन तिच्यामागे चालू लागते. त्यासाठी मला कधी लेखणी बंद ठेवावी लागलेली नाही. तीन वर्षे एकाच दरावर बांधलेल्या माणसाला मी महागाईविषयी काही विचारावे, यात औचित्यभंग आहे असे मला नेहमी वाटत आले.

आणि तरीसुद्धा, तोडणीला माणसे कमी पडतात, ही तक्रार खोटी नाही. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्राने १३७ लाख टनांहून अधिक साखर तयार केली आणि देशात पहिला क्रमांक मिळविला. त्याच हंगामात गाळप जूनपर्यंत लांबले. मराठवाड्यात ऊस शेतात वाळत उभा होता, त्याला तुरे आले होते, वजन घटत होते, आणि टोळ्या उन्हाला कंटाळून परत निघाल्या होत्या. दोन एकर ऊस असलेला शेतकरी कारखान्याच्या शेतकी विभागात रोज खेपा घालीत होता. तो काही धनाढ्य मालक नव्हता. त्याच्या बिलातूनच तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कापला जातो, हे शहरातील अनेकांना माहीत नसते. म्हणजे मजुरीचा बोजा शेवटी पडतो तो बऱ्याच अंशी त्याच्यावर. अशा वेळी हा शेतकरी टोळीला ‘खुशाली’ म्हणून काही रक्कम, कोंबडे, धान्य देतो. गाडीवाल्याला ‘एंट्री’ देतो. वर्तमानपत्रांत याला लूट म्हणतात. शेतकऱ्याच्या बाजूने ती लूटच आहे. परंतु थोडे अंतर ठेवून पाहिले तर असे दिसते की, जी मजुरी पुढच्या दाराने वाढू दिली नाही ती येथे मागच्या दाराने वाढत आहे. आणि ती देण्याची पाळी नेमकी त्यावर येते, ज्याच्या अंगात ती देण्याचे बळ सर्वांत कमी.

वस्तूची टंचाई झाली की तिची किंमत वाढते, हा व्यवहार आपण सर्व जाणतो. मग तोडणी मजूर इतके दुर्मिळ होऊनही दर का वाढत नाही? हा प्रश्न मी अनेक वर्षे मनात बाळगून होतो. त्याचे उत्तर मला एका मुकादमाने दिले. तो म्हणाला, “साहेब, दर सगळ्यांचा एकच. मग माणूस ओढायचा कशानं? उचल वाढवायची.” एवढ्या तीन वाक्यांत सारे आले. दर सर्व कारखान्यांनी मिळून एकदा ठरविलेला. त्यात चढाओढीला जागा नाही. चढाओढ होते ती आगाऊ रकमेची. पूर्वी काही हजारांत असणारी उचल आता जोडीमागे लाखाच्या घरात गेली आहे ती यामुळे. म्हणजे मजुराची टंचाई वाढली की त्याची मजुरी वाढण्याऐवजी त्याचे कर्ज वाढते. हंगामात काम कमी झाले, आजारपण आले, खाडे पडले की उचल फिटत नाही. ती पुढच्या वर्षावर चढते आणि पुढच्या वर्षी कोठे जावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यासोबत निघून जातो.

फसवणूक एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच जाणाऱ्या टोळ्या आहेत. बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या आणि मुकादमाला लाखो रुपये देऊन बसलेल्या तरुण वाहतूकदारांची, टोळी न आल्यामुळे झालेली दशा मी पाहिली आहे. एक जण माझ्या कार्यालयाच्या पायरीवर बसून रडत होता. त्याची फिर्याद पोलिसांनी घ्यावी की नाही, यावर त्या दिवशी आमच्यात बराच खल झाला. जेथे मजुरी हे वेतन न राहता कर्ज बनते, तेथे प्रत्येक जण कोणाचा तरी ऋणको आणि कोणाचा तरी सावकार असतो.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत बायकांनी दिली आहे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. या शस्त्रक्रियांची कारणे एकच एक नाहीत. वैद्यकीय व्यवसायातील लोभ त्यात आहे, लहान वयातील लग्ने आहेत, कोपीत न्हाणीघर नसणे आहे. परंतु महिन्यातील ते तीन-चार दिवस म्हणजे तीन-चार खाडे, हा हिशेबही त्यात आहे. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा दप्तरातील इतर आकड्यांप्रमाणे त्यांवरून नजर पुढे नेता आली नाही.

रास्त मजुरी म्हणजे काय, याचा विचार आपल्या देशात झाला नाही असे मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, आणि त्याच सुमारास रास्त वेतनाविषयी एक समिती बसली. तिने वेतनाच्या तीन पायऱ्या कल्पिल्या: सर्वांत खाली किमान वेतन, सर्वांत वर निर्वाह सन्मानाने चालविणारे जीवनवेतन, आणि या दोहोंमध्ये धंद्याची ऐपत पाहून ठरणारे रास्त वेतन. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात ध्येय म्हणून लिहिले आहे ते वरच्या पायरीचे. शेतीतील मजुरासह सर्वांसाठी. १९४८ च्या कायद्यात किमान वेतनाची व्याख्याच नव्हती. तो आकडा कसा काढावा हे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले, आणि किती बारकाईने सांगितले! कमावणारा एक, त्याची पत्नी आणि दोन मुले मिळून तीन उपभोग-एकके धरावीत, प्रत्येक प्रौढास २,७०० उष्मांकांचा आहार, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, सरपण, दिवाबत्ती आणि इतर खर्चासाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर त्यात घातली.

या हिशेबातील एक अट मला फार महत्त्वाची वाटते. पत्नीची आणि मुलांची कमाई जमेस धरू नये, असे १९५७ च्या परिषदेने स्पष्ट म्हटले होते. एका माणसाच्या आठ तासांच्या श्रमावर चौघांचे कुटुंब उभे राहिले पाहिजे, ही त्यामागची कल्पना. कोयत्याच्या हिशेबात नेमके उलट आहे. तेथे पत्नी खाणारी म्हणून नव्हे तर तोडणारी म्हणून आधीच मोजलेली असते. मोळी बांधावयाला दहा-बारा वर्षांचा मुलगा असतो, धाकट्याला सांभाळावयाला आठ वर्षांची मुलगी असते. परिषदेने एकाच्या पाठीवर चौघे बसविले. कोयत्याने चौघांना कामाला लावून एकाचे वेतन दिले.

१९८२ साली दिल्लीत एशियाडची क्रीडागारे बांधणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात कोणी काम करीत असेल तर ते सक्तीचे श्रमच होत, आणि घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने त्यांना मनाई आहे, असा तो निर्णय आहे. सक्ती केवळ चाबकाची नसते, भुकेचीही असते, हे न्यायालयाने मान्य केले. वेतनविषयक चार जुन्या कायद्यांच्या जागी आलेली वेतनसंहिता २०१९ साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. किमान वेतनाचा हक्क तिने केवळ अनुसूचीतील उद्योगांपुरता न ठेवता सर्व कामगारांना दिला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायद्यातील ‘कामगार’ या शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी आधी कोणाच्या तरी हजेरीपटावर नाव असावे लागते. ऊसतोड मजुराचे नाव असते ते मुकादमाच्या वहीत. त्याचा धनी कोण, या साध्या प्रश्नाला कारखाना वाहतूकदाराकडे, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम परत कारखान्याकडे बोट दाखवितो. शासनाने अलीकडे ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले आहे. त्यातून ही बोटे कोठे तरी थांबतील अशी आशा आहे.

मजुरीचा दर वाढविण्याचा आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे मजुराला ‘नाही’ म्हणता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे. तो मार्ग महाराष्ट्रानेच देशाला दाखविला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ साली सांगली जिल्ह्यात ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वाचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पोहोचला. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला. या योजनेसाठी पैसा उभा करावयाचा म्हणून १९७५ मध्ये राज्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला. माझ्या वेतनातून आजही दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, या नावाने कापले जातात. ही कपात कशासाठी सुरू झाली, असे मी एकदा कार्यालयातील सहकाऱ्यांना विचारले, तर कोणालाच सांगता आले नाही. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकाराच्या कामाची हमी घ्यावी, असा तो करार होता. २००५ साली केंद्राने हेच तत्त्व १०० दिवसांच्या हमीने देशाला लागू केले.

या हमीविरुद्ध बागाईतदारांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच: सरकारी कामामुळे शेतीला मजूर मिळत नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ केले, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण ६० दिवस ही कामे होऊ नयेत अशी तरतूद त्यात घातली. शासनाचा सेवक या नात्याने संसदेच्या निर्णयावर टीकाटिप्पणी करणे माझे काम नव्हे, आणि लहान शेतकऱ्याची हंगामातील धावपळ मी जवळून पाहिली आहे. एवढेच नमूद करतो की, ज्या साठ दिवसांत मजुराच्या श्रमाला वर्षातील सर्वांत अधिक किंमत येण्याचा संभव असतो, ते हेच साठ दिवस होत.

विषमतेचे आकडे सांगावे तितके थोडे. २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता, असे ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडले. सरकारची २०२३-२४ ची उपभोगखर्चाची पाहणी मात्र सांगते की, खर्चातील विषमता खेड्यात आणि शहरातही आदल्या वर्षापेक्षा थोडी उतरली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. गरिबाच्या ताटात थोडे अधिक पडले आणि श्रीमंताच्या तिजोरीत पुष्कळ अधिक, तर ताटे मोजणारा आणि तिजोऱ्या मोजणारा यांची उत्तरे जुळणार नाहीत. मला या वादात शिरावयाचे नाही. माझा अनुभव याहून लहान प्रश्नाचा आहे: आपण मोजतो कोणाला?

त्या तालुक्यात असताना स्थलांतरित मजुरांची एक नोंदणी आमच्याकडे आली होती. छापील नमुना होता. मी स्वतः एका वस्तीवर गेलो होतो, कारण माणसे दोन दिवसांत निघणार होती. एका घरासमोर खाटेवर बसून मी रकाने भरीत होतो: कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, कारखाना, मुकादम, कोयत्यांची संख्या. मी ‘एक’ असा आकडा घातला. दारात उभी असलेली बाई, पस्तिशीची असेल, म्हणाली, “साहेब, ह्यांचं नाव लिवलं. माझं कुठं लिवलं?” मी सांगितले की, कोयता एक म्हणून लिहिला आहे, त्यात तुम्ही दोघेही आलात. ती म्हणाली, “कोयता त्यो त्यांच्या हातात. मोळी माझ्या डोक्यावर असती. मोळीचा रकाना न्हाई का?”

नवरा हसला. मुकादमाचा माणूसही हसला. मला हसू आले नाही. पण नमुना वरून आलेला होता आणि त्यात रकाना नव्हता. मी तिचे नाव विचारून घेतले आणि समासात लिहिले. त्या वस्तीवरील पुढच्या सर्व घरांत मी तसेच केले; समास अपुरा पडला तेथे मागच्या बाजूस लिहिले. सत्तावन्न नावे झाली. अंधार पडल्यावर आम्ही परतलो आणि तिसऱ्या दिवशी ती वस्ती रिकामी झाली.

पुढे हे नमुने संगणकात भरले गेले. भरणाऱ्या मुलाने मला विचारले होते की, कडेला काही लिहिले आहे त्याचे काय करावयाचे. संकलनासाठी मुदत दोन दिवसांची होती, जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूरध्वनी येत होते, आणि प्रणालीत समासासाठी जागा नव्हती. मी त्याला म्हणालो, तूर्त राहू द्या. गोशवारा तयार झाला: गावे इतकी, कुटुंबे इतकी, कोयते इतके. तो वेळेत वर गेला. त्याखाली माझी सही आहे.